मेहेरबानी नको : एका घराने नाकारलेली माफी

१८ नोव्हेंबर १८७२, सोमवार. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात, मॅडिसन स्ट्रीटवरच्या एका विटांच्या घरात डेप्युटी मार्शल आले. दिवाणखान्यात बसले. बोलायचं होतं ते त्यांच्या तोंडून पटकन बाहेर पडेना. शेवटी म्हणाले, कमिशनरसाहेबांना तुम्हाला भेटायचं आहे. समोर बसलेल्या बावन्न वर्षांच्या बाईंनी विचारलं, ‘वॉरंट बजावायची तुमची ही नेहमीचीच पद्धत आहे का?’ मग त्यांनी वॉरंट काढलं. वर सवलतही देऊ केली, की तुम्ही तुमच्या सोयीने, एकट्याच कचेरीत या. बाई म्हणाल्या, मी आपल्या पायांनी अटक होऊन येणार नाही, तुम्हालाच मला न्यावं लागेल. बेड्या घाला म्हणून त्यांनी मनगटंही पुढे केली, अशी आठवण सांगितली जाते. बेड्या कोणी घातल्या नाहीत. घोड्यांच्या ट्राममध्ये कंडक्टरने तिकिटाचे पैसे मागितले, तेव्हा बाईंनी मार्शलकडे बोट दाखवलं: ‘मी सरकारी खर्चाने चालले आहे, यांच्याकडे मागा.’

या बाई म्हणजे सुझन बी. अँथनी, बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून लढणाऱ्या चळवळीच्या पुढारी. तेव्हा तो हक्क बायकांना नव्हता. गुन्हा एवढाच, की तेरा दिवसांपूर्वी, ५ नोव्हेंबरला, त्यांनी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत दिलं होतं.

तो दिवाणखाना आजही आहे. १७, मॅडिसन स्ट्रीट हा पत्ता आता संग्रहालयाचा आहे. अटकेनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी या घरापुढे एक विचित्र पेच उभा राहिला. १८ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अँथनींना मरणोत्तर माफी जाहीर केली. दिवस मुद्दाम निवडलेला होता. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १८ ऑगस्ट १९२० ला, टेनेसी राज्याने एकोणिसाव्या घटनादुरुस्तीला मान्यता दिली आणि अमेरिकेत लिंगावरून मताचा हक्क नाकारणं घटनाबाह्य ठरलं. शताब्दीचा मुहूर्त, देशाच्या सर्वोच्च पदावरून आलेला मान, आणि तोही ज्यांच्या नावाने आपली संस्था चालते त्यांना. कोणत्याही स्मारकाचे विश्वस्त अशा वेळी हार-तुरे घेऊन तयार राहतील.

संग्रहालयाने लेखी उत्तर दिलं. त्याची सुरुवातच कोर्टातल्या वकिलाने उठावं तशी होती: हरकत! राष्ट्राध्यक्ष महोदय, सुझन बी. अँथनी यांना तुमची ही माफी नाकारावी लागत आहे. खाली संस्थेच्या प्रमुख डेबोरा ह्यूज यांचं नाव.

हे प्रकरण मला मोलाचं वाटतं, कारण स्मारकं नेमकी कशासाठी असतात हा प्रश्न त्यात अगदी उघडा पडतो. आपल्याकडे तर तो रोजचा आहे. म्हणून जरा सविस्तर.

माफी नाकारायचं कारण काय, हे समजायला १८७३ च्या खटल्यापर्यंत मागे जावं लागतं. अँथनी आणि त्यांच्या तीन बहिणी १ नोव्हेंबर १८७२ ला वॉर्डातल्या एका न्हाव्याच्या दुकानात गेल्या. मतदार नोंदणी तिथे चालली होती. निरीक्षक तरुण होते, गोंधळले. अँथनींनी त्यांना चौदावी घटनादुरुस्ती वाचून दाखवली. या देशात जन्मलेला प्रत्येक माणूस नागरिक आहे आणि नागरिकाचे हक्क कोणत्याही राज्याला हिरावता येणार नाहीत, असं ती सांगते. मग आम्ही माणसं आहोत की नाही, एवढाच त्यांचा सवाल. निरीक्षकांनी नावं लिहून घेतली. मतदानाच्या दिवशी त्या वॉर्डात अँथनींसह पंधरा बायकांनी मतं टाकली.

ज्या कायद्याखाली त्यांना पकडलं तो होता १८७० चा एन्फोर्समेंट अ‍ॅक्ट. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या पुरुषांना मत देताना कोणी अडवू नये म्हणून केलेला कायदा. तोच बाईला मतपेटीपासून दूर ठेवायला वापरला गेला.

त्यानंतर जे घडत गेलं त्यात मला एक धागा सतत दिसतो. दर वळणावर कुणी ना कुणी या बाईंवर मेहेरबानी करायला पुढे येतं, आणि दर मेहेरबानीने त्यांचा एकेक रस्ता बंद होतो. मार्शलची सवलत हा पहिला प्रकार. दुसरा अधिक महाग पडला. अँथनींना जामीन नको होता. तुरुंगात जायचं, अटकच बेकायदा आहे म्हणून हेबियस कॉर्पसचा अर्ज करायचा आणि त्या वाटेने प्रकरण वरच्या न्यायालयात न्यायचं, असा त्यांचा बेत. जानेवारी १८७३ मध्ये जामिनाची रक्कम हजार डॉलर झाली, तेव्हा त्यांचे वकील हेन्री सेल्डन यांनी ती स्वतःच्या खिशातून भरून टाकली. ज्या बाईंविषयी मला आदर आहे त्यांना तुरुंगात जाताना मी पाहू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. माणूस सज्जन होता, हेतू शुद्ध होता. पण त्या सज्जनपणाने सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा लागला.

खटला उभा राहायच्या आधी अँथनींनी मन्रो काउंटीत गावोगावी व्याख्यानं दिली. विषय एकच: अमेरिकेच्या नागरिकाने मत देणं हा गुन्हा आहे का? इथल्या ज्युरीचं मत फिरेल अशी भीती सरकारी वकिलाला वाटली आणि खटला शेजारच्या ऑन्टॅरिओ काउंटीत, कॅनंडेग्वाला हलवण्यात आला. अँथनी तिकडेही हिंडल्या, सोबत चळवळीतल्या सहकारी मटिल्डा गेज होत्या. १७ जून १८७३ ला सुनावणी सुरू झाली. न्यायाधीश वॉर्ड हंट. आरोपी स्त्री असल्याने स्वतःच्या बाजूने साक्ष द्यायला अपात्र, असं ठरलं. युक्तिवाद संपले, तसा हंट यांनी खिशातून कागद काढला आणि आधीच लिहून आणलेला निर्णय वाचला. ज्युरीला चर्चा करू दिली नाही. दोषी असा निकाल द्या, असा हुकूम सोडला आणि ज्युरीला घरी पाठवलं. बारा पुरुष बसले होते, त्यांच्यातल्या एकाचंही मत कोर्टाने घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिक्षा सुनावण्याआधी रिवाजाप्रमाणे विचारलं गेलं, आरोपीला काही म्हणायचं आहे का. अँथनी उभ्या राहिल्या. न्यायाधीश पुन्हा पुन्हा सांगत होते, खाली बसा. त्या बोलत राहिल्या. या निकालाने तुम्ही आमच्या राज्यव्यवस्थेचं प्रत्येक मूलतत्त्व पायाखाली तुडवलंत, हे त्यांनी न्यायाधीशाच्या तोंडावर सांगितलं. शंभर डॉलर आणि खटल्याचा खर्च, असा दंड झाला. त्यावर त्यांचं उत्तर: ‘तुमच्या या अन्यायी दंडातला एक डॉलरही मी कधी भरणार नाही.’

आता हंट यांची मेहेरबानी. दंड भरेपर्यंत तुम्हाला कोठडीत ठेवायचा हुकूम मी देणार नाही, असं ते म्हणाले. ऐकायला दयाळू वाटतं. परिणाम असा, की कोठडी नाही म्हणून अपील नाही. दंड भरला गेला नाही, कोणी वसूलही केला नाही. गुन्हेगार हा शिक्का मात्र कागदावर राहिला, आणि तो पुसायला कुठे जायचं याची वाट उरली नाही. त्या वर्षीच्या डायरीत त्यांनी या खटल्याला इतिहासाने पाहिलेला सगळ्यात मोठा अन्याय म्हटलं आहे.

एवढं पाहिलं की २०२० ची माफी कुठे जाऊन बसते ते कळतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८३३ सालीच म्हटलं होतं, की माफी ही दिलेली वस्तू आहे, ती स्वीकारली तरच पुरी होते आणि ज्याला दिली तो ती नाकारू शकतो. १९१५ च्या बर्डिक प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं: माफीत दोषाचा ठपका असतो आणि ती घेण्यात दोषाची कबुली असते. संग्रहालयाच्या निवेदनाचा कणा हाच आहे. दंड भरला असता तर त्या खटल्याला मान्यता दिल्यासारखं झालं असतं, म्हणून अँथनींनी तो भरला नाही. माफीनेही तेच होतं. मग निवेदन सांगतं, की सुझन बी. अँथनींचा मान करायचाच असेल तर मतदानात होणाऱ्या अडवणुकीविरुद्ध उभे राहा, १९६५ चा मतदान हक्क कायदा नीट अमलात आणा, स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला पाठिंबा द्या.

मरणोत्तर माफीची प्रथाही तिथे जुनी नाही. पहिली १९९९ मध्ये क्लिंटन यांनी लष्करी अधिकारी हेन्री फ्लिपर यांना दिली. मेलेल्या माणसाला नाकारता येत नाही, ही अशा माफीतली खरी अडचण. नाकारायला कोण उभं राहणार? न्यूयॉर्कच्या तेव्हाच्या उपराज्यपाल कॅथी होकुल यांनी माफी मागे घ्यायची मागणी केली, पण त्या राजकारणी, विरुद्ध पक्षातल्या. त्यांचा आवाज त्या वजाबाकीसहच ऐकला जाणार. घराचा आवाज वेगळा होता. ज्या खोलीत वॉरंट बजावलं गेलं ती खोली ज्यांच्या ताब्यात आहे, ज्यांचे मार्गदर्शक रोज पाहुण्यांना त्याच जागी उभं करून ती अटक सांगतात, ते बोलत होते.

पण या प्रकरणात एक गाठ आहे, आणि ती सोडवल्याशिवाय संग्रहालयाची बाजू घेणं मला बरोबर वाटत नाही. जानेवारी १८७४ मध्ये अँथनींनी स्वतः काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, अर्ज केला होता, माझा दंड रद्द करा म्हणून. त्याच सुमाराला त्यांचं मत स्वीकारणारे निरीक्षक पंचवीस-पंचवीस डॉलर दंड न भरल्याबद्दल तुरुंगात गेले, आणि त्यांना राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची माफी मिळावी म्हणून अँथनींनीच खटपट केली. ती माफी मिळालीही. म्हणजे माफी हा प्रकारच त्यांना नामंजूर होता असं म्हणता येत नाही. मग संग्रहालयाने बाईंच्या तोंडी नसलेला बाणेदारपणा घातला का?

मला तसं वाटत नाही. अर्जातली मागणी पाहावी. न्यायाधीशाने ज्युरीचा हक्क हिरावून घेतला, म्हणून शिक्षा अन्यायाची होती, असं काँग्रेसने आपल्या कृतीने म्हणावं, ही ती मागणी. चूक बाईची धरून सोडून द्या असं त्यात नाही, चूक कोर्टाची होती असं कबूल करा असं आहे. काँग्रेसने ते केलं नाही. निरीक्षकांची गोष्ट निराळी. ती माणसं दुसऱ्याच्या लढ्यापायी कोठडीत होती. मत देणाऱ्या बायका त्यांना तुरुंगात जेवण पोचवत होत्या. त्यांना बाहेर काढणं हे अँथनींचं कर्तव्यच होतं. स्वतःसाठी मागितलेलं आणि दुसऱ्यासाठी मागितलेलं एका मापाने मोजू नये. तरीही संग्रहालयाच्या निवेदनात या अर्जाचा उल्लेख एका ओळीत यायला हवा होता, असं मला वाटतं. त्याने बाजू दुबळी झाली नसती, अधिक पक्की झाली असती.

या घराला असं बोलायचं बळ कुठून आलं, ते त्याच्या इतिहासात आहे. अँथनींची आई आणि बहीण मेरी १८६६ मध्ये इथे राहायला आल्या. सुझनचा मुक्काम वर्षातला बराच काळ आगगाडीत आणि परक्यांच्या घरी. पुढे चाळीस वर्षं परत यायचं ठिकाण मात्र हेच. संसार चालवला मेरीने. ती शाळेत शिकवायची, पुढे मुख्याध्यापिका झाली. आईच्या मागे घर तिच्याच नावावर होतं. चळवळीचा इतिहास लिहिताना पाठच्या बहिणीचा पगार कुठेच लिहिला जात नाही, म्हणून हे मुद्दाम. १८९५ मध्ये वर तिसरा मजला चढवून कामाची खोली केली. पत्रं, कात्रणं, अहवाल, भाषणांचे कागद यांच्या ढिगांत बसून तिथेच अँथनींचं चरित्र रचलं गेलं आणि मताधिकाराच्या इतिहासाचा चौथा खंड तयार झाला. १३ मार्च १९०६ ला, याच घरात, दुसऱ्या मजल्यावर सुझन गेल्या. घटनादुरुस्ती व्हायला अजून चौदा वर्षं होती. पुढच्या वर्षी मेरीही गेली, आणि घर दुसऱ्यांच्या हाती गेलं.

चार दशकं ते साधं राहतं घर होतं. १९४५ मध्ये रॉचेस्टरच्या महिला मंडळांच्या संघाने ते विकत घेतलं. सरकारने नव्हे, बायकांच्या मंडळांनी, पैसा गोळा करून. बाहेर गेलेल्या वस्तू, फर्निचर, फोटो हळूहळू परत येऊ लागले. राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा १९६५ मध्ये मिळाला, म्हणजे घर वाचल्यानंतर वीस वर्षांनी. सरकारी अनुदानाच्या ताटाखालचं मांजर असलेल्या संस्थेला ‘हरकत’ म्हणणं किती जड जातं, हे आपल्याला सांगायला नको.

आणखी एक प्रसंग याच घरातला. १८९० च्या दशकात आयडा बी. वेल्स इथे पाहुण्या म्हणून राहिल्या. झुंडीने काळ्या माणसांना ठार मारण्याविरुद्ध एकटीने लेखणी चालवणारी ही तरुण पत्रकार. अँथनी बाहेर जाताना म्हणाल्या, तुमची पत्रं माझ्या लघुलेखिकेला सांगा, ती उतरवून घेईल. परत आल्या तर वेल्स स्वतःच लिहीत बसलेल्या. लघुलेखिका म्हणाली, काळ्या बाईचं मी उतरवून घेणार नाही. अँथनींनी तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. पण त्याच घरात अँथनींनी वेल्सना हेही सांगितलं, की अटलांटाच्या अधिवेशनाला तुम्ही येऊ नका असं मी काळ्यांचे पुढारी फ्रेडरिक डग्लस यांना विनवलं, कारण दक्षिणेतल्या गोऱ्या बायका दुरावल्या असत्या. मी चुकले का? वेल्सनी स्पष्ट सांगितलं, हो, चुकलात.

डग्लस हे अँथनींचे जुने स्नेही, रॉचेस्टरचेच. घराजवळच्या चौकात दोघं समोरासमोर चहाला बसल्याचं ब्राँझचं शिल्प आहे. पण १८६९ मध्ये, काळ्या पुरुषांना मत देणाऱ्या पंधराव्या घटनादुरुस्तीवरून, दोघांत मोठी फूट पडली होती. अँथनींनी तिला विरोध केला, त्यात बायका वगळल्या होत्या म्हणून, आणि त्या वादात त्यांच्या बाजूने काळ्यांना कमी लेखणारी भाषा वापरली गेली. संग्रहालयाने हा भाग झाकला, तर अटकेच्या गोष्टीवरही कोणी विश्वास का ठेवावा? अन्यायाला अन्याय म्हणायचा अधिकार घराला मिळतो तो आपल्या माणसाची चूकही त्याच दिवाणखान्यात सांगण्याने.

महाराष्ट्राशी या साऱ्याचा संबंध ओढूनताणून जोडायची गरज नाही, तो आहे. अँथनी कॅनंडेग्वाच्या कोर्टात उभ्या होत्या त्याच जून १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ निघाली. काळ्यांना दास्यातून सोडवल्याबद्दल अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना त्यांनी ती अर्पण केली. मार्च १८८८ मध्ये अँथनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय महिला परिषद भरवली, तिथे आपल्या पंडिता रमाबाई हिंदुस्थानातल्या स्त्रियांबद्दल बोलल्या.

आणि घरांचं म्हणाल तर, गंज पेठेतला फुले वाडा उभा आहे. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६८ मध्ये अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केलेला हौद तिथे दाखवता येतो. बुधवार पेठेतला भिडे वाडा, जिथे १८४८ मध्ये मुलींची शाळा भरली, तो मात्र वर्षानुवर्षं पडझडीत राहिला, कोर्टकचेऱ्यांत अडकला आणि डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. तिथे नवं स्मारक उभं करायचं ठरलं आहे, ते व्हावंच. पण सावित्रीबाई वर्गात शिरल्या तो उंबरा आता कोणत्याही मुलीला ओलांडता येणार नाही. नव्या इमारतीत मान मिळतो. साक्ष जुनी भिंतच देते. रॉचेस्टरच्या बायकांनी १९४५ मध्ये ती भिंत घेतली, म्हणून २०२० मध्ये तिला बोलता आलं.

माफीचं पुढे काय झालं? कागदोपत्री ती दिली गेली आहे, निवेदनाने ती रद्द झाली नाही. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२१ मध्ये, एका पहाटे घराच्या मागच्या लाकडी पडवीला आग लागली. पडवी जळाली, आतल्या वस्तू वाचल्या.

माउंट होप कबरस्तानात अँथनींचा साधा पांढरा दगड आहे. निवडणुकीच्या दिवशी बायका मत देऊन रांगेने तिथे येतात आणि ‘मी मत दिलं’ असं छापलेला स्टिकर दगडावर चिकटवतात. गोंदाने संगमरवर खराब होऊ लागला, म्हणून २०२० मध्ये दगडावर पारदर्शक प्लास्टिकचं आवरण घातलं. आता स्टिकर त्या आवरणावर लागतात, आणि खाली नाव वाचता येतं.